चिलटांची शाळा, कॅरम आणि पीएचडीचं पाचवं वर्ष

चिलटवाली | शनिवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

परवा चुलतभावाच्या साखरपुड्यात एका मावशींनी गाठलं. "काय गं, संपलं का शिक्षण?" म्हटलं, पीएचडी चालू आहे, पाचवं वर्ष. "कशात?" "मेंदूविज्ञानात." मावशींचे डोळे चमकले. "अगंबाई, मेंदूची डॉक्टर! आमच्या ह्यांची अर्धशिशी बघशील का जरा?" मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातल्या खुर्चीतून आजीचा आवाज आला, "छे छे, ती चिलटांची शाळा घेते."

मावशींचा चेहरा पडला, पण आजीचं वर्णन अगदी बरोबर आहे. केळी काळी पडायला लागली की त्यांच्यावर घोंघावतात ती चिलटं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. मी त्यांना शिकवते आणि मग परीक्षा घेते.

शिकवणी अशी. शंभरेक माश्या, म्हणजे हीच चिलटं, एका नळीत घ्यायच्या. नळीला आतून तांब्याची जाळी. एक वास एक मिनिट सोडायचा आणि त्याच मिनिटात जाळीतून विजेचे बारा छोटे झटके द्यायचे. मग जरा मोकळी हवा. मग दुसरा वास एक मिनिट, झटक्याशिवाय. झाला धडा. परीक्षेत त्यांना दोन वासांच्या मधोमध सोडायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. शिकलेल्या माश्या झटक्याच्या वासाकडे पाठ फिरवतात. शेवटी डावीकडे किती, उजवीकडे किती ते मोजायचं. हे सगळं अंधारात, मंद लाल दिव्यात, कारण माशीला लाल रंग जवळपास दिसत नाही. वासासाठी वापरतो त्यातलं एक ऑक्टेनॉल, ओल्या बुरशीसारखं. ते केसांत बसतं. बसमध्ये शेजारची बाई सरकून बसते, ते मला आता सवयीचं झालंय.

माझा विषय मात्र शिकणं नाही, विसरणं आहे. आपण समजतो की आठवण म्हणजे पाटीवरचं अक्षर, आपोआप पुसट होत जातं. माशीत तसं पूर्ण खरं नाही. डोपामीन हे रसायन सोडणारे जे न्यूरॉन (मेंदूच्या पेशी) झटक्याच्या वेळी आठवण लिहितात, त्यांतलेच काही नंतरही हळूहळू चालू राहतात आणि ती आठवण खोडत बसतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका गटाने धडा झाल्यावर हे न्यूरॉन बंद करून पाहिले, तर माश्यांना जास्त काळ आठवलं. म्हणजे विसरणं हे मेंदूचं कामच आहे, रोजच्या केर काढण्यासारखं. ही केरसुणी कुठल्या वेळी जोरात चालते आणि कधी थांबते, एवढाच माझा प्रश्न. साडेचार वर्षांत त्याचा एक कोपरा हाती लागलाय.

आता लॅबबाहेरच्या आयुष्याबद्दल. ते माझं चिलटं ठरवतात.

प्रयोगाला ठरावीक आईबापांची पिल्लं लागतात. मादीचा एकदा संग झाला की ती शुक्राणू साठवून ठेवते, मग बाप कोण ते सांगता येत नाही. म्हणून कोषातून बाहेर आलेली मादी आठ तासांच्या आत वेगळी काढायची. याला आम्ही 'व्हर्जिन काढणं' म्हणतो. घरी हा शब्द एकदाच वापरला, पुन्हा नाही. २५ अंशांना आठ तासांची मुदत, रात्री १८ अंशांना ठेवल्या तर ती दुप्पट होते. म्हणून सकाळी नऊला हजर, संध्याकाळी पाचला पुन्हा. रविवारीसुद्धा. दसऱ्यालासुद्धा. कार्बन डायॉक्साइडच्या पॅडवर माश्या झोपवायच्या आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने एकेक बाजूला करायची. नुकती जन्मलेली मादी ओळखू येते, फिकट, फुगीर, पोटात एक काळसर ठिपका. पहिल्या वर्षी मला तासाला चाळीस जमायच्या. आता हात आणि डोळे बोलतात, डोकं दुसरीकडे असतं.

ते दुसरीकडे म्हणजे कॅरम.

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी, एक बोर्ड कायमचा मांडलेला. वर हंडीचा पिवळा दिवा, खाली बोर्डच्या कडेने बोरिक पावडरचा थर. तळमजल्यावरचे काका रिटायर झाल्यापासून रोज आठ ते दहा तिथे. मी लहानपणी खेळायचे, कॉलेजात सुटलं.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात लॅबमध्ये एक घोळ झाला आणि पुन्हा सुरू झालं. घोळ माझाच. काचेच्या व्हायलवर (माश्यांच्या छोट्या बाटलीवर) मार्करने आतल्या माश्यांच्या वाणाचं नाव लिहायचं असतं आणि टेबल पुसायला अल्कोहोल. एका दुपारी ओल्या हातमोज्याने दोन व्हायलवरची अक्षरं पुसली गेली. मी आठवणीने परत लिहिली. उलटी लिहिली. आठ महिने मी चुकीच्या माश्यांना शिकवत होते आणि आकडे इतके सुंदर येत होते की शंका घ्यावीशीच वाटली नाही. मग माश्यांच्या जनुकांच्या एका तपासणीत जेलवर जिथे पट्टा दिसायला हवा तिथे काळोख होता, म्हणजे माश्या त्या नव्हत्याच. विसरण्यावर काम करणाऱ्या बाईच्या आठवणीने घात केला, हा विनोद लॅबमध्ये अजून चालतो.

त्या रात्री घरी आले तर काका एकटेच बोर्ड पुसत बसलेले. म्हणाले, "बस." काही विचारलं नाही. साडेअकरापर्यंत खेळलो. एक सोंगटी मला आजही दिसते: काळी, माझ्या उजव्या भोकाच्या तोंडाशी, अर्धी आत अर्धी बाहेर, आणि मध्ये त्यांची पांढरी. मी कट मारला, पांढरी हललीसुद्धा नाही आणि काळी टपकन् आत गेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला एखाद्या गोष्टीचं उत्तर त्याच क्षणी मिळालं.

तेव्हापासून रोज एक तास. गाईडना सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं मी आठनंतर पेपर वाचते.

तुमच्यात कोणी संशोधनात असेल तर सांगा, लॅबबाहेर तुम्हाला काय धरून ठेवतं? आणि गणपतीनंतर आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा आहे, महिला एकेरीत नाव दिलंय. शुभेच्छा चालतील.

---

सदाफुली | रविवार, सकाळी ७:१५

मस्त लिहिलंयस गं. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आजीला नमस्कार सांग.

---

खवचट | रविवार, सकाळी ९:०२

लेखन छान. पण रोखठोक विचारतो, राग मानू नका. चिलटं काय विसरतात हे शोधायला माझ्या करातले पैसे का? देशात अल्झायमरचे पेशंट आहेत, त्यांच्यावर संशोधन करा की.

---

चिलटवाली | रविवार, सकाळी ११:४०

@खवचट, राग नाही, हा प्रश्न माझे बाबा दर दिवाळीला विचारतात. (आत्ताच व्हर्जिन काढून आले, म्हणून उशीर.)

१९७६ साली कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्या लॅबमध्ये एक माशी सापडली जी शिकतच नव्हती. तिच्या बिघडलेल्या जनुकाला नाव दिलं 'डन्स', म्हणजे ढ. हे जनुक जे एन्झाइम बनवतं ते पेशीतल्या सायक्लिक एएमपी नावाच्या रेणूचे तुकडे करतं. त्याच कुळातली एन्झाइम्स तुमच्याआमच्या मेंदूत आहेत आणि औषधवाले त्यांच्या मागे आहेत. माणसाच्या रोगांशी जोडलेल्या जनुकांपैकी सुमारे ७५ टक्क्यांचा जोडीदार माशीत सापडतो. आणि माशी दहा दिवसांत पुढची पिढी देते. माणसाच्या पिढ्या मोजत बसले तर मी आजी होईन, माझं थिसिस नाही होणार.

दुसरं म्हणजे आकार. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन. माशीच्या मेंदूत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मादी माशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा छापून आला, १,३९,२५५ न्यूरॉन आणि त्यांच्यातले पाच कोटींहून जास्त जोड. संगणकाने काढलेल्या रेघा तपासायला जगभरातून माणसं बसली होती, त्यात हौशी लोकही होते. मी तो नकाशा मोबाइलवर उघडून माझे न्यूरॉन शोधते, जसं आपण नकाशात आपली चाळ शोधतो.

आणि खर्चाचं म्हणाल तर माझ्या माश्या मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर खातात. खीरच असते ती, थंड केलेली. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, बस एवढाच चैनीचा खर्च.

---

खवचट | रविवार, सकाळी ११:५८

बरं. 'ढ' आवडलं. अर्धा मुद्दा मान्य.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी १:२०

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. मुंबईचा आणि चिलटांचा संबंध जुना आहे, नव्या मुलांना माहीत नसतो म्हणून लिहितो.

होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांना कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं, रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा करायला. सिद्दिकी पुढे बेन्झर यांच्याकडे गेले आणि तिथे दोघांनी अशा माश्या शोधल्या ज्या तापमान वाढलं की पांगळ्या होतात आणि गार केलं की पुन्हा चालू लागतात. मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे समजायला त्यांचा फार उपयोग झाला. मुंबईत परतल्यावर त्यांनी वास आणि चव हाती घेतली. त्यांच्याबरोबर व्हेरोनिका रॉड्रिग्ज होत्या, केनियात वाढलेल्या, माश्यांच्या वासावर त्यांनी जे काम केलं त्याला तोड नाही. कुलाब्याच्या समुद्राच्या काठावर बसून माणसं चिलटांच्या नाकाचा अभ्यास करत होती, तेव्हा जगात हे काम करणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बंगळूरूचं राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र (एनसीबीएस) ही संस्था पुढे सिद्दिकींनीच उभी केली.

मुली, तू कुठे आहेस ते विचारत नाही. पण वंश मोठा आहे एवढं लक्षात ठेव.

---

चिलटवाली | रविवार, दुपारी १:३१

सर __/\__ . संस्थेचं नाव मुद्दामच लिहीत नाही, गाईड इथे वाचत असतील तर कॅरमचं बिंग फुटेल.

---

काचेची_सुई | रविवार, रात्री १०:४५

आयला, शेवटी आपल्या जातीचं कोणी भेटलं! मीही मुंबईतच, चौथं वर्ष. माझं उंदीर. मेंदूचे ३०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, ऑक्सिजन सोडलेल्या खारट पाण्यात जिवंत ठेवायचे आणि काचेच्या सुईने एका पेशीला पकडायचं. सुईचं टोक साधारण एक मायक्रॉन. टोक पेशीला टेकलं की तोंडाने नळीतून हलकेच हवा ओढायची. हो, तोंडाने. १९९१ चं नोबेल मिळालेलं तंत्र आहे आणि आम्ही ते अजून स्ट्रॉने नीरा प्यावी तसं करतो. पेशीचा पडदा काचेला चिकटला की स्क्रीनवरची रेघ एकदम सपाट. तो क्षण म्हणजे, काय सांगू, उणे सत्तर मिलिव्होल्ट, म्हणजे जिवंत पेशीचा विश्रांतीतला विद्युतदाब, दिसले की अंगावर काटा.

आता मुंबई बघा. टेबल हवेवर तरंगतं, कंपनं लागू नयेत म्हणून. पण गेल्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं पायलिंग सुरू झालं. धप्. पेशी गेली. धप्. पेशी गेली. सहा महिने मी रात्री नऊ ते पहाटे तीन काम केलं, कारण तेव्हा मशीन बंद असायचं. काप पाच-सहा तास जगतात, सोडून जाता येत नाही. पहिली लोकल पकडून डोंबिवली. लोक कामाला निघालेले आणि मी उलट दिशेने झोपायला.

धरून काय ठेवतं? खरं सांगायचं तर गेलं वर्षभर काहीच नाही. फेलोशिप पाच महिने आली नव्हती, संस्थेचं नाव नको, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. कागदावर आकडा बरा आहे. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,०००, वर घरभाडं. पण कागदावरच्या आकड्याने पास निघत नाही. मित्राकडून उसने घेतले. ट्रेकिंग करायचो, ते बंद पडलं. घरी विचारलं की 'चाललंय' म्हणतो. तुझा तो कटचा किस्सा वाचून जरा वेळ बसून राहिलो.

---

चिलटवाली | रविवार, रात्री ११:१०

@काचेची_सुई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघ. उद्या फोन कर, व्हर्जिनच्या वेळा सोडून कधीही.

---

अंजू_दादर | सोमवार, सकाळी ८:३०

@काचेची_सुई, मी समुपदेशक आहे, आगाऊपणा वाटला तर सोडून दे. झोप उलटी, पैसे अडकलेले, आवडीचं बंद आणि घरी 'चाललंय', हे चारही एकत्र आले की माणूस आतून झिजतो. तू कमजोर आहेस म्हणून नाही, हे ओझंच तेवढं आहे. बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलीमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आणि घरी एकदा आकड्यात सांग, 'पाच महिने पैसे नाहीत.' 'टेन्शन आहे' म्हटलं की आईवडील सल्ला देतात, आकडा सांगितला की मदत करतात.

---

खवचट | सोमवार, सकाळी ९:१०

@काचेची_सुई, काल मी कराचं बोललो होतो. माझ्या करातले तुझ्यापर्यंत पोचलेच नाहीत की. कधी बोलवतोस उंदीर बघायला? वडापाव माझ्याकडून.

---

बोरिवलीची_आई | सोमवार, दुपारी २:०५

माझा मुलगा बारावीला. दोन प्रश्न. एक, स्मरणशक्तीसाठी बदाम, ब्राह्मी वगैरे काय द्यावं? दुसरं, त्याला डॉक्टर नाही व्हायचं, मेंदूवर संशोधन करायचंय म्हणतो. रस्ता काय?

---

चिलटवाली | सोमवार, रात्री १०:२०

बदाम खाऊ देत, छान लागतात. माझ्याकडे माश्यांचाच पुरावा आहे, तो देते. एकच धडा सलग दहा वेळा दिला तर आठवण लवकर विरते. तोच धडा दहा वेळा, पण मध्ये पंधरा पंधरा मिनिटांची सुट्टी देऊन दिला, तर आठवडाभर टिकते. माणसांत हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय. तेव्हा रात्रभर जागून एकदाच पाठ करण्यापेक्षा चार दिवसांत चारदा बघायला सांगा. आणि झोपू द्या. माशी झोपली की ती मी सांगितलेली केरसुणी मंदावते, आठवण शाबूत राहते. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना हे तोंडपाठ आहे आणि एकही जण सात तास झोपत नाही.

रस्ता: बीएस्सी करून एमएस्सी, किंवा बारावीनंतर थेट आयसरसारख्या विज्ञान संस्थेत पाच वर्षांचा अभ्यासक्रम. मग पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट किंवा जीबिल्स या परीक्षा, नंतर मुलाखत. जीवशास्त्रच हवं असं नाही, आमच्या लॅबमध्ये एक इंजिनीअर आहे आणि एक भौतिकशास्त्रवाली, मेंदूच्या कामात दोघांनाही मागणी. त्याला दोन महिने एखाद्या लॅबमध्ये उन्हाळी प्रशिक्षणाला पाठवा. माश्यांचं अन्न शिजवून, भांडी घासूनही 'मजा आली' म्हणाला तर जाऊ द्या.

---

बोरिवलीची_आई | सोमवार, रात्री १०:४१

धन्यवाद. घरी कधी ताट उचलत नाही, बघू.

अवांतर: चिलटांचं एवढं माहीत आहे तर आमच्या ओट्यावरची घालवायचा उपाय सांग ना. पावसाळा आला की उच्छाद.

---

चिलटवाली | मंगळवार, सकाळी ८:०५

रोज माश्या जगवणाऱ्या बाईला मारायचा उपाय विचारताय. :) काचेच्या ग्लासात बोटभर व्हिनेगर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, ओट्यावर रात्रभर. आंबट वासाला येतात, साबणामुळे पृष्ठताण मोडतो, बसायला गेल्या की बुडतात. पिकलेली केळी फ्रिजमध्ये आणि सिंकची जाळी घासून घ्या, त्यांची अंडी तिथेही असतात.

---

काचेची_सुई | गुरुवार, रात्री ९:५०

घरी आकडा सांगितला. बाबा काही बोलले नाहीत, संध्याकाळी पासाचे पैसे टेबलावर ठेवलेले. चिलटवालीच्या चाळीत काल जाऊन आलो. काकांनी मला सलग तीन बोर्ड हरवलं आणि म्हणाले, "हात हलका आहे, डोकं जड आहे." रविवारी पुन्हा बोलावलंय.

---

सदाफुली | तीन आठवड्यांनी, रविवार

धागा वर काढतेय. स्पर्धेचं काय झालं??

---

चिलटवाली | रविवार, रात्री ११:२५

उपांत्य फेरीत हरले. आठवा बोर्ड, वीस-वीस. राणी घेतली आणि कव्हर चुकलं. समोरची मुलगी अकरावीतली होती, शांतपणे पावडर झटकून तिने राणीसकट संपवलं. काका म्हणाले, संध्याकाळी पाचला माश्या मोजून थेट खेळायला बसलीस, बोटं बधिर होती. खरं होतं.

---

बोरिवलीची_आई | सोमवार, सकाळी ७:४०

पुढच्या वर्षी नक्की. ग्लासचा उपाय लागू पडला, एका रात्रीत १७. मुलगा भिंग घेऊन बसला होता, म्हणे ९ माद्या. खरं की कसं ते तूच सांग.

---

चिलटवाली | सोमवार, सकाळी ९:०१

पोटाचं टोक काळं आणि अंग लहान ते नर. तसंच बघून मोजले असतील तर पाठवा त्याला रविवारी. पाचच्या पाळीला मोजायला माणूस हवाच आहे.